जेट बोटीला जास्त ताकदीचे इंजिन हवे, की मोठा पंप?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात मीटरच्या आसपास लांबीची, दोन जेट (पाणी ओढून त्याचा झोत मागे फेकणारे पंप) असलेली हौशी वापराची बोट आहे आणि प्रत्येक जेटला १.८ लिटरचे, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) नसलेले इंजिन आहे. दोन-चार माणसे असली की बोट झकास पळते, पण दहा माणसे, भरलेली टाकी आणि दिवसभराचे सामान घेतले की ती नाक वर करून बराच वेळ पाणी रेटत राहते आणि मग कशीबशी प्लेनवर, म्हणजे उचलली जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकण्याच्या अवस्थेत, येते. शेजारून त्याच लांबीची पंख्याची (प्रोपेलरची) बोट कमी अश्वशक्तीत सहज पुढे निघून जाते. तेव्हा जेट बोटींना मुळातच मोठी आणि अधिक शक्तीची इंजिने लागतात का, लागत असतील तर बनवणारे ती का देत नाहीत, आणि आपण होऊन तशी बसवून घेण्यात काही अर्थ आहे का?

जेट बसवणे, त्यांच्या पाण्यातल्या चाचण्या घेणे आणि बिघडलेली जेट उघडून पाहणे हे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आलो आहे, आणि ‘इंजिन कमी पडते’ ही तक्रार या काळात बहुधा सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. मोठे इंजिन म्हणजे जास्त घनक्षमतेचे, कमी फेऱ्यांत आपले काम करणारे. शक्तिमान इंजिन म्हणजे जास्त अश्वशक्तीचे. पंख्याच्या बोटीत गिअरबॉक्स मध्ये असल्यामुळे हा फरक फारसा जाणवत नाही, पण छोट्या जेट बोटींत इंजिनचा दांडा बहुतेक वेळा थेट पंपाला जोडलेला असतो आणि तिथे सगळे गणित याच फरकावर फिरते. माझे मत असे की, जेट बोटीला जास्त अश्वशक्तीपेक्षा मोठ्या पंपाची गरज अधिक वेळा असते, आणि मोठे इंजिन मागायचेच असेल तर ते त्या पंपाला सोसेल असे म्हणून मागावे.

आधी तक्रारीतला खरा भाग मान्य करतो. जेट तळाच्या जाळीतून पाणी ओढते, इंपेलरने (पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाने) त्याला गती देते आणि नॉझलमधून मागे फेकते. मिळणारा रेटा म्हणजे दर सेकंदाला फेकलेल्या पाण्याचे वस्तुमान गुणिले त्या पाण्याच्या वेगात झालेली वाढ. तेवढाच रेटा भरपूर पाणी हळू ढकलून मिळवता येतो, तसाच थोडे पाणी जोरात फेकूनही मिळवता येतो. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दुसरा मार्ग महागात पडतो. मोठ्या व्यासाचा पंखा पहिल्या मार्गाने चालतो. तळहाताएवढ्या नॉझलमधून सगळे पाणी बाहेर काढणारे जेट दुसऱ्या मार्गाने चालते, आणि बोट जितकी हळू असेल तितकी ही उधळपट्टी जास्त होते. पंपातले आणि नळीतले घर्षण बाजूला ठेवून केवळ झोताचा हिशेब केला, तर झोताचा वेग बोटीच्या वेगाच्या तिप्पट असताना निम्मी शक्तीच कामी येते. दुप्पट असताना सुमारे ६७ टक्के आणि दीडपट असताना ८० टक्के. प्लेनवर येण्याआधीच्या त्या नाक वर केलेल्या अवस्थेत बोट नेमकी या हिशेबाच्या सर्वांत वाईट टोकाला असते.

याची रोखठोक साक्ष आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली) इंजिने देतात. ज्या आउटबोर्डचा खालचा पंख्याचा भाग काढून त्या जागी जेटचा भाग बसवतात, त्याची शक्ती कामाच्या दृष्टीने साधारण ३० टक्क्यांनी कमी धरण्याचा व्यवसायात रिवाज आहे. ११५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे जेट ८० चे म्हणून विकले जाते, ९० चे ६५ चे म्हणून आणि ६० चे ४० चे म्हणून. म्हणजे शेजारची पंख्याची बोट कमी अश्वशक्तीत पुढे जाते ही प्रश्नकर्त्याची नोंद अचूक आहे.

मात्र हा तोटा सगळ्या वेगांना लागू नाही. साधारण २५ ते ३० नॉटच्या (ताशी सुमारे ४५ ते ५५ किलोमीटरच्या) पुढे पंख्याला त्याच्या दांड्याचा, आधारांचा आणि सुकाणूचा ओढा जड होऊ लागतो, त्याच्या पात्यांवर कॅव्हिटेशन (दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणे) सुरू होते, आणि व्यवस्थित जुळवलेले जेट त्याच्या बरोबरीला येते किंवा पुढे जाते. टास्मानियात २०१३ साली बांधली गेलेली ‘फ्रान्सिस्को’ ही प्रवासी व मोटारवाहू कॅटामरान (दोन तळांची जोडबोट) प्रत्येकी सुमारे २२ मेगावॉटच्या दोन गॅस टर्बाइनवर चालते, तिला दोन जेट आहेत, आणि चाचणीत तिने ५८ नॉटचा वेग गाठला. शक्ती अवाढव्य आहे हे खरेच, पण त्या शक्तीला शोभतील एवढे पंपही तिथे आहेत.

आता पंपाच्या स्वभावाकडे येतो, कारण मोठ्या इंजिनाचा बहुतेक पैसा इथेच बुडतो. जेटचा इंपेलर किती शक्ती खातो हे त्याच्या फेऱ्यांच्या घनावर ठरते. निम्म्या फेऱ्यांवर तो पूर्ण शक्तीचा आठवा हिस्सा घेतो, आणि उलट बाजूने पाहिले तर शक्ती दुप्पट केली तरी फेरे फक्त २६ टक्क्यांनी वाढतात. शक्ती दीडपट केली तर फेरे साडेचौदा टक्क्यांनी वाढतात. दहा टक्के वाढवली तर जेमतेम तीन टक्क्यांनी. झोताचा वेग फेऱ्यांच्या प्रमाणात असतो आणि झोतापेक्षा बोट जोरात जाऊ शकत नाही, त्यामुळे कमाल वेगाची मजलही ढोबळमानाने याच घनमुळाच्या चालीने पुढे सरकते. जागच्या जागी मिळणारा रेटा फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असल्याने तिथे नफा अधिक आहे, दुप्पट शक्तीला ५९ टक्के; पण हा आकडा कॅव्हिटेशन होणार नाही असे धरून काढलेला आहे, आणि ते नेमके तिथेच होते.

याच स्वभावाचा दुसरा भाग असा की, बोटीवर किती ओझे आहे याची पंपाला जवळजवळ खबर नसते. पंख्याच्या बोटीत ओझे वाढले की पंख्यावरचा भार वाढतो, फेरे उतरतात आणि इंजिन कण्हू लागते. जेटमध्ये बोट रिकामी असो, भरलेली असो किंवा दोरीने बांधून ठेवलेली असो, पूर्ण थ्रॉटलला फेरे जवळपास तेच राहतात. (बांधलेल्या बोटीवर उथळ पाण्यात हा प्रयोग कोणी करू नये, जेट तळाची वाळू आणि खडे ओढते.) दहा माणसे बसल्यावर बोट जड झाली तरी तुमच्या इंजिनाला काहीच जास्त काम पडलेले नसते. बोटीला जास्त रेटा हवा असतो, आणि तो पंप देत नसतो. ‘इंजिन दमले’ हे वाक्य जेट बोटीवर बहुधा चुकीचे असते.

एका कामगार ने-आण करणाऱ्या बोटीचे उदाहरण देतो. ॲल्युमिनियमची एका जेटची बोट होती, २५० अश्वशक्तीचे डिझेल ३,६०० फेऱ्यांवर, आणि पंप त्याला बरोबर जुळवलेला. इंजिनाचे आयुष्य संपल्यावर मालकाने ‘आता कमी पडायला नको’ म्हणून ३५० अश्वशक्तीचे इंजिन घेतले. त्याचेही नेमलेले फेरे ३,६०० च होते. पंप तोच ठेवला. चाचणीला बोट पूर्वीपेक्षा किंचित हळू निघाली तेव्हा मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण झाले होते ते अगदी सरळ होते. तो इंपेलर ३,६०० फेऱ्यांवर २५० च अश्वशक्ती खाऊ शकत होता. ३५० खाण्यासाठी त्याला ४,००० च्या वर फिरावे लागले असते, आणि इंजिनाचा गव्हर्नर (फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारा भाग) तिथवर जाऊ देत नव्हता. शंभर अश्वशक्ती विकत घेऊन इंजिनाच्या खोलीत बसवून ठेवली होती, आणि नवे इंजिन जड असल्याने मागच्या बाजूला शंभर किलोहून अधिक वजन मात्र रोज वाहिले जात होते.

पुढे आम्ही त्या पंपात जास्त कोनाची पाती असलेला इंपेलर घातला. इंजिनावर भार आला, रिकाम्या बोटीचा वेग चांगला वाढला, आणि मालक खूश झाला. तो आनंद पहिल्या भरलेल्या फेरीपर्यंत टिकला. पूर्ण ओझे घेऊन सुटताना थ्रॉटल पुढे केला की इंजिनाचा आवाज एकदम मोकळा होई, तळाखालून खडी चाळल्यासारखा खरखराट येई आणि बोट जागची हलायलाच तयार नसे. थ्रॉटल निम्मा मागे घेतला की ती चालू लागे. हेच कॅव्हिटेशन. वेगात असलेल्या बोटीच्या जाळीवर पाणी स्वतःच येऊन आदळते आणि इंपेलरच्या तोंडाशी दाब राहतो, पण थांबलेल्या बोटीत ते सगळे पाणी पंपाला ओढून घ्यावे लागते. त्याने जास्त जोरात ओढले की तोंडाशी दाब इतका खाली जातो की पाण्याची थंड असतानाच वाफ होते, पाती बुडबुड्यांत फिरू लागतात आणि रेटा गळून पडतो. बुडबुडे फुटताना पात्यांचा धातू टोचून काढतात, ते नुकसान वेगळेच. म्हणून प्रत्येक पंपाला दर वेगाला किती शक्ती पेलते याची मर्यादा असते आणि व्यावसायिक जेट बनवणारे ती आलेखावर छापून देतात. कमी वेगाला ही मर्यादा खाली असते. ज्या अवस्थेत तुम्हाला जास्त शक्ती हवीशी वाटते, त्याच अवस्थेत छोटा पंप ती घेऊ शकत नाही, ही या विषयातली खरी अडचण आहे. त्या बोटीचा प्रश्न अखेर एक माप मोठे जेट बसवल्यावरच सुटला, आणि त्यासाठी तळ कापावा लागला.

मोठा पंप काय करतो याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब मांडतो. हौशी जेट बोटींमधले पंप जलदुचाकीच्या (जेट स्कीच्या) घराण्यातले, साधारण १५५ ते १६० मिलीमीटर व्यासाचे असतात आणि ७,५०० च्या आसपास फेऱ्यांनी फिरतात. शक्ती तीच ठेवून पंपाचे आणि नॉझलचे क्षेत्रफळ दुप्पट केले, म्हणजे व्यास २२० मिलीमीटरच्या घरात नेला, तर झोताचा वेग सुमारे पाचव्या भागाने कमी होतो पण पाणी कितीतरी जास्त फेकले जाते, आणि आदर्श हिशेबात जागच्या जागी मिळणारा रेटा २६ टक्क्यांनी वाढतो. एकही अश्वशक्ती न वाढवता. पात्यांच्या टोकांचा वेगही कमी होतो, त्यामुळे कॅव्हिटेशन लांब पळते. पण इंपेलरने खाल्लेली शक्ती व्यासाच्या पाचव्या घातावर वाढते, तेव्हा तीच शक्ती या मोठ्या पंपाला ४,२०० फेऱ्यांतच द्यावी लागेल. ७,५०० फेऱ्यांवर आपली शक्ती गाठणारे छोटे इंजिन ४,२०० ला त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. मग एक तर मध्ये गिअर घाला, म्हणजे वजन, खर्च आणि आणखी एक बिघडणारी गोष्ट. किंवा ४,२०० फेऱ्यांतच तेवढी शक्ती देणारे जास्त घनक्षमतेचे इंजिन घ्या. मोठ्या इंजिनाची बाजू भक्कम होते ती इथे, आणि जुन्या पिढीच्या जेट बोटींमध्ये सात लिटरच्या वरची व्ही-८ इंजिने थेट जोडलेली दिसत ती याच कारणाने. बनवणारे आज हे का करत नाहीत याचेही उत्तर यातच आहे: मोठे इंजिन जड, मोठ्या पंपातले आणि नळीतले पाणी बोटीने वाहायचे, त्यासाठी तळाची मागची बाजू नव्याने आखायची, आणि जलदुचाकीसाठी लाखोंनी तयार होणारे इंजिन व पंप हाताशी असताना हा सगळा व्याप कोणी करायचा? मला तो निर्णय तांत्रिकदृष्ट्या आवडत नाही, पण समजतो.

सुपरचार्जर लावलेल्या इंजिनाचा पर्याय याच्या मधोमध येतो. त्याच १.८ लिटरमधून सुमारे १८० ऐवजी २५० अश्वशक्ती निघते, आणि कारखान्यातूनच त्याला जास्त कोनाचा इंपेलर जुळवलेला मिळाला तर कमाल वेगात फरक नक्की जाणवतो. शक्ती ३९ टक्के वाढली तरी वेगाची वाढ दहा ते पंधरा टक्क्यांच्या पट्ट्यात धरावी. इंधन मात्र पूर्ण थ्रॉटलला शक्तीच्या प्रमाणात किंवा त्याहून अधिक वाढते, चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते आणि देखभाल वाढते. भरलेली बोट प्लेनवर लवकर यावी एवढ्याचसाठी हा खर्च करणाऱ्याला मी सहसा थोपवतो. समुद्रसपाटीपासून उंचावरच्या तलावांत बोट चालवणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुपरचार्जर नसलेले इंजिन दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के शक्ती गमावते, म्हणजे १,५०० मीटरवर सुमारे १५ टक्के. जेटचा घननियम तिथे उलट बाजूने मदतीला येतो, कारण १५ टक्के शक्ती गेली तरी फेरे पाचच टक्क्यांनी उतरतात, रेटा दहा टक्क्यांनी. तरीही आधीच जड असलेल्या बोटीला ते दहा टक्के नडतात, आणि तिथे सुपरचार्जर सार्थकी लागतो.

आता प्रश्नकर्त्याच्या बोटीकडे. इंजिनाचा विचार करण्याआधी टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) पाहावा. पंपाला ओझ्याची खबर नसते, या एकाच गोष्टीमुळे जेट बोटीत टॅकोमीटर हे निदानाचे फार प्रामाणिक साधन बनते. पूर्ण थ्रॉटलला फेरे इंजिनाच्या नेमलेल्या आकड्यापेक्षा कमी येत असतील तर दोष इंजिनात आहे, किंवा इंपेलर त्या इंजिनाला जड आहे. फेरे बरोबर येत असून बोट हळू असेल तर इंजिन आपले काम करत आहे. वजन, तळावरचे शेवाळ किंवा ट्रिम (बोटीचा पुढे-मागे कल) तपासावे. आणि फेरे नेहमीपेक्षा जास्त येऊन बोट हळू झाली असेल तर पंपात पाणी नीट पकडले जात नाही, हे जवळजवळ छातीठोकपणे सांगता येते. दोन इंजिनांच्या बोटीत तर दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवता येतात; त्यांत शंभर-दीडशेचा फरक कायम दिसत असेल तर त्याची चौकशी झालीच पाहिजे.

अशीच एक दोन जेटची बोट काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. मालकाने मोठ्या इंजिनांचा दर काढून आणलेला होता आणि त्याला फक्त माझा होकार हवा होता. ओझे घेतल्यावर बोट प्लेनवर यायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, असे त्याचे म्हणणे होते. फेरे पाहिले तर डाव्या बाजूला ७,५०० आणि उजव्या बाजूला ७,६५०. बोट वर घेतली. उजव्या जाळीच्या पट्ट्यांत नायलॉनच्या दोरीचा एक तुकडा अडकून त्याचे टोक दांड्याला गुंडाळलेले होते, आणि उष्णतेने वितळून तो काळ्या कड्यासारखा घट्ट झाला होता. तो कापून काढायला चाकू आणि अर्धा तास लागला. विजेरीच्या उजेडात इंपेलरच्या पात्यांच्या पुढच्या कडा पाहिल्या तर त्यांना करवतीसारखे दाते पडलेले. कधीतरी खडे गिळले होते. मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन इंपेलरची टोके आणि वेअर रिंग (इंपेलरभोवतीचे झिजून बदलायचे कडे) यांच्यामधली फट चार ठिकाणी मोजली. नव्या पंपात ती मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. इथे एका बाजूला गेजची एक मिलीमीटरची पट्टी आरामात आत गेली, आणि रिंगच्या आतल्या बाजूला बोट फिरवले तर नखाला ओरखड्यांच्या कडा लागत होत्या.

ती फट दिसायला केसाएवढी, पण पंपाने पुढे ढकललेले पाणी तिच्यातून मागे गळते, आणि कमी वेगाला, म्हणजे पंप सगळ्यात ताणलेला असताना, ते सर्वांत जास्त गळते. शिवाय जाळीतला अडथळा तोंडाशी दाब कमी करून कॅव्हिटेशनला आमंत्रण देतो. रिंग बदलली, इंपेलरच्या कडा घासून मूळ आकारात आणल्या, डाव्या बाजूचीही रिंग लगे हात बदलून घेतली. दोन्ही टॅकोमीटर एका आकड्यावर आले आणि बोट पूर्ववत झाली. त्या कामाचे बिल नव्या इंजिनांच्या दराशेजारी ठेवण्याइतकेही नव्हते. सगळ्याच तक्रारी अशा स्वस्तात मिटत नाहीत हे मान्य, पण इंजिन बदलायला निघालेल्या बोटींचे पंप उघडल्यावर काही ना काही सापडले नाही असे क्वचितच झाले आहे.

वजनाबद्दल थोडेच सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी ऐकत नाही. प्लेनवर चालणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने दर अश्वशक्तीमागच्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि प्लेनवर येण्याचा उंबरठा वजनाला त्याहून जास्त हळवा असतो. दहा माणसांपैकी तिघांना सुटताना पुढे बसवले तर नाक खाली येते आणि तो उंबरठा लवकर ओलांडला जातो. हा उपाय फुकट आहे. थ्रॉटल एका झटक्यात शेवटपर्यंत ढकलू नये. दोन-तीन सेकंद घेऊन तो वाढवला तर बोटीला थोडी गती मिळते, जाळीवर पाण्याचा दाब तयार होतो आणि पंप पकड सोडत नाही. घाईने सुटणारा माणूस जेट बोटीत बहुधा मागे राहतो.

इंपेलर बदलणे हा मधला मार्ग आहे. या इंपेलरांवर पात्यांच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे कोन अंशांत कोरलेले असतात. पूर्ण थ्रॉटलला फेरे नेमलेल्या आकड्याच्या खाली असतील तर एखाद-दोन अंश हलका इंपेलर इंजिनाला त्याची पूर्ण शक्ती गाठू देतो, आणि सुटतानाही पुढच्या कडेचा कमी कोन पाणी सावकाश पकडतो. फेरे आधीच बरोबर असतील तर हलका इंपेलर घातल्याने इंजिन फक्त आपल्या कमाल मर्यादेवर जाऊन आपटेल. नॉझलचे तोंड कापून मोठे करण्याचा सल्लाही कोणीतरी देईलच. तो पंपाचा आलेख समोर असल्याशिवाय घेऊ नये, कारण नॉझल सैल झाले की पंपातला पाठीमागचा दाब जातो आणि कॅव्हिटेशन लवकर सुरू होते.

अधिक शक्तीचे इंजिन मी स्वतः कुठे सुचवतो, तेही सांगायला हवे. जी बोट रोज आठ-दहा तास ओझे घेऊन चालते तिथे सुचवतो, पण ते जोरात पळण्यासाठी नाही. घननियमामुळे कमाल फेऱ्यांच्या ८५ टक्क्यांवर चालणारे इंजिन आपल्या शक्तीच्या सुमारे ६१ टक्केच खर्च करत असते, आणि ८० टक्क्यांवर निम्मीच. कामाचा वेग या पट्ट्यात मिळेल अशा बेताने इंजिन आणि पंप दोन्ही मोठे निवडले, तर इंजिन वर्षानुवर्षे शांतपणे चालते. प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या नदीच्या बोटींनाही राखीव शक्ती लागते. न्यूझीलंडच्या उथळ नद्यांसाठी १९५४ च्या सुमारास आधुनिक जेट घडवणाऱ्या बिल हॅमिल्टन यांची पहिली बोट मोटारीच्या लहानशा इंजिनावर चालत होती, आणि पाण्याखाली उघडणारे नॉझल पाण्याच्या वर आणल्यावर तेच इंजिन बोटीला लक्षणीय जास्त वेग देऊ लागले. पुढे १९६० मध्ये त्यांच्या जेट बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन खालून वर चढून गेल्या, तेव्हा मात्र त्या खळाळांना तोंड देण्यासाठी त्या पहिल्या इंजिनाचे बळ पुरणारे नव्हते. याउलट, जास्त शक्ती म्हणजे जास्त ताबा, म्हणून मोठे इंजिन सुरक्षित, हा युक्तिवाद मला पटत नाही. जेटला सुकाणू नसते, झोत वळवूनच बोट वळते. अडथळा समोर आल्यावर घाबरून थ्रॉटल बंद करणाऱ्याची बोट सरळच जाते, मग इंजिन १८० चे असो की २५० चे.

तेव्हा प्रश्नकर्त्याने पुढच्या वेळी बोट पाण्यात नेल्यावर दोन माणसे घेऊन आणि मग दहा माणसे घेऊन पूर्ण थ्रॉटलचे दोन्ही बाजूंचे फेरे लिहून काढावेत, आणि बोट बाहेर आली की फीलर गेजने दोन्ही पंपांची फट मोजावी. फेरे दोन्ही वेळा नेमलेल्या आकड्यावर असतील, फट नव्यासारखी असेल, तळ स्वच्छ असेल आणि तरीही दहा माणसांची बोट हवी तशी उचलत नसेल, तर या तळाला हे दोन छोटे पंप त्या ओझ्यासाठी पुरेसे नाहीत. मग विक्रेत्याने दाखवलेल्या जास्त अश्वशक्तीच्या इंजिनाबद्दल एकच गोष्ट मागावी: त्याला जोडून येणाऱ्या पंपाचा, ताशी १५ ते २५ किलोमीटर वेगाला तो किती शक्ती पेलतो हे दाखवणारा आलेख.